वन बीएचकेसाठी २२ हजारात टीव्ही: आधी हॉल मोजा, केबल बघा, मग इंच

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. डोंबिवलीत वन बीएचके, हॉल १० बाय १४, बजेट २२ हजार, फार ताणलं तर २४. सासूबाई संध्याकाळी सातपासून केबलवर मराठी सिरियल बघतात, मिस्टरांना क्रिकेट आणि रात्री ओटीटी, मुलगी नववीत आणि तिचं टेबल त्याच हॉलमध्ये. जुना ३२ इंची बंद पडलाय. दुकानदार म्हणतो ४३ घ्या, ऑनलाइन कुठल्यातरी नवीन नावाचा ५५ इंची २४ हजारात दिसतोय आणि त्याचा सेल रविवारी संपतोय, आणि भाऊजी म्हणतात घेताय तर क्यूएलईडीच घ्या.

मी याच पट्ट्यात टीव्ही दुरुस्तीचं आणि भिंतीवर बसवायचं काम करतो, विकत नाही, त्यामुळे उत्तर सरळ देतो. ४३ इंच, ४के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके), ज्या कंपनीचा माणूस डोंबिवलीत येतो त्या कंपनीचा. ५५ चा नाद सोडा. आता का ते सांगतो, कारण नुसतं 'हा घ्या' म्हटलं तर दुकानात गेल्यावर तो सेल्समन पाच मिनिटात तुमचं मत फिरवेल.

पहिलं म्हणजे अंतर. १० फुटी हॉलमध्ये टीव्ही लांब भिंतीवर आणि समोर दिवाण, म्हणजे पाठ टेकून बसलं तरी डोळ्यापासून स्क्रीन साधारण साडेआठ फूट. आता लोक नेटवर चार्ट बघून येतात की साडेआठ फुटाला ५५ काय ६५ पण चालतो, आणि तो चार्ट खोटा नाहीये, पण तो चांगल्या ४के पिक्चरसाठी केलेला असतो. सासूबाई बघतात ती केबलची साधी एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट चॅनेल. त्यात चित्राच्या वरपासून खालपर्यंत फक्त ५७६ ओळी असतात, आणि केबलवाले भरपूर चॅनेल कोंबायला बिटरेट, म्हणजे प्रत्येक चॅनेलचा डेटा, पिळतात तो वेगळाच. चांगल्या नजरेच्या माणसाला त्या ५७६ ओळी फुटलेल्या दिसू नयेत असं वाटत असेल तर ३२ इंचीला जेमतेम आठ फूट पुरतात, ४३ ला साडेदहा फूट लागतात आणि ५५ ला साडेतेराच्या आसपास. तुमच्याकडे आहेत साडेआठ. म्हणजे ४३ वर एसडी सिरियल थोडी मऊ दिसेल पण चालून जाईल, ५५ वर चेहरे पुसल्यासारखे दिसतील, आणि मग घरात रोज एकच वाक्य, "जुन्यावर किती छान दिसायचं". हे वाक्य मी इतक्या घरात ऐकलंय की आता टीव्ही बसवायच्या आधीच विचारतो, केबल एसडी आहे का एचडी.

त्यामुळे टीव्ही बदलताना बॉक्स पण बघा. मराठीतल्या मोठ्या चॅनेलच्या एचडी आवृत्त्या आहेत, झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी तिघांच्याही, महिन्याचे थोडे पैसे जास्त जातात पण फरक सासूबाईंना चष्म्याशिवाय कळेल. आणि बॉक्स एचडी असला तरी तो एचडीएमआयने जोडलाय का ते बघा. इथे लोक हमखास फसतात, एचडी बॉक्स, एचडी पॅक, आणि मागे लावलेली तीन पिनांची लाल-पिवळी-पांढरी वायर, त्यातून एचडी जातच नाही. केबलवाला जुनीच वायर लावून निघून जातो. एचडीएमआय लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट १०८० केलंय का तेही बघा, बरेचदा ते ५७६ लाच अडकलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल मग ४३ ला ४के कशाला, फुल एचडी घेऊ. नजरेच्या हिशोबाने तुमचं बरोबर आहे, ४३ वर फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटाच्या पुढे वेगळे दिसतच नाहीत आणि तुम्ही साडेआठ फुटावर. तरी मी ४के म्हणतो त्याचं कारण पिक्चर नाही. ४३ मध्ये फुल एचडी जे येतात ते बहुतेक कंपनीचे सगळ्यात खालचे मॉडेल असतात, प्रोसेसर कमजोर, रॅम कमी, आणि असा टीव्ही वर्ष-दोन वर्षात इतका रेंगाळतो की रिमोट दाबून चहा टाकून यावा. फरक दोन-तीन हजाराचाच असतो, तो द्या.

आणि एक, पूर्वी ३२ इंचापर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर २८ असा प्रकार होता, त्यामुळे ३२ वरून ४३ ला उडी मारली की टॅक्सनेच खिसा कापायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यांनाही १८ झालाय. त्या हिशोबाने ४३ ची किंमत साधारण पावणेआठ टक्क्यांनी खाली यायला हवी होती, बऱ्याच ठिकाणी आली पण. म्हणून कुणी जुनं बिल दाखवून "बघा आम्ही केवढ्याला घेतला होता, तुम्हाला स्वस्त देतोय" म्हणालं तर ते बिल कधीचं आहे ते विचारा.

तो २४ हजारवाला ५५. टीव्हीची अर्ध्याहून जास्त किंमत नुसत्या पॅनलची, म्हणजे समोरच्या स्क्रीनची असते. चांगल्या कंपन्यांचे ५५ कितीला आहेत ते बघा आणि हा त्यापेक्षा इतका खाली कसा आला याचा विचार करा. पैसे कुठून तरी वाचवलेत. बहुतेक वेळा बॅकलाइटमधून (स्क्रीनमागचा उजेड), स्पीकरमधून, बोर्डातून आणि सर्व्हिसमधून. नावावर पण जाऊ नका, आज बाजारात जुन्या ओळखीच्या नावांचे कितीतरी टीव्ही लायसन्सवर बनतात, म्हणजे कोडॅक आणि थॉमसन हे सुपर प्लास्ट्रॉनिक्स बनवते, एसरचे टीव्ही इंडकल बनवते, तोशिबाचा टीव्हीचा धंदा केव्हाच हायसेन्सकडे गेला. यात वाईट काही नाही, यातले काही टीव्ही पैशाच्या मानाने चांगले निघतात, फक्त 'आमच्याकडे याच कंपनीचा कॅमेरा होता, वीस वर्षं चालला' हा हिशोब इथे लागू होत नाही एवढंच. आतली पॅनल तर बहुतेकांची चीनमधल्या त्याच चार-पाच कारखान्यातून येतात.

मग फरक कुठे पडतो? बंद पडल्यावर. आणि हे मी रोज बघतो म्हणून जरा लांबण लावतो.

आजच्या एलईडी टीव्हीत पॅनल स्वतः उजेड देत नाही, मागे पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या असतात. ४३ इंचीत साधारण तीन-चार पट्ट्या. या एलईडी एकामागे एक माळेत जोडलेल्या असतात, त्यातली एक गेली की अख्खी माळ विझते किंवा टीव्ही स्वतःच बॅकलाइट बंद करतो. लक्षण असं, आवाज येतो, रिमोट चालतो, पण स्क्रीन काळी. कधी लोगो चमकतो आणि अंधार. तुमचा जुना ३२ असाच गेला असेल तर आज रात्री लाइट बंद करून तो चालू करा आणि मोबाईलची टॉर्च स्क्रीनला अगदी चिकटवून तिरकी धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल शाबूत आहे, फक्त पट्ट्या गेल्यात, ३२ ला ते काम दीड-दोन हजारात होतं. फेकू नका, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. करून घेताना मात्र गेलेला एकच एलईडी बदलणाऱ्याला पैसे देऊ नका, बाकीचे त्याच वयाचे असतात, चार महिन्यात दुसरा जातो. पूर्ण सेट बदलायला सांगा.

दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवर गोल गोल पांढरे डाग, टॉर्च मारल्यासारखे. प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवणारी एक छोटी प्लास्टिकची वाटी चिकटवलेली असते, उष्णतेने तिचा गोंद सुटतो, वाटी खाली पडते आणि त्या जागचा उजेड सरळ समोर येतो. पॅनल काढून वाटी परत चिकटवायची, काम छोटं पण जोखमीचं, कारण पॅनल उचलताना काच गेली की संपलं.

या दोन्हीवर उपाय फुकट आहे आणि कुणी करत नाही. टीव्ही आला की पहिल्या दिवशी बॅकलाइट १०० वरून ५०-६० वर आणा. ब्राइटनेस नाही हं, बॅकलाइट, बहुतेक टीव्हीत सेटिंगमध्ये वेगळा असतो. कंपनी आणि दुकान तो पूर्ण ठेवतात कारण शेजारच्या टीव्हीपेक्षा उजळ दिसायला हवा. तुमच्या १० फुटी हॉलमध्ये संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ६० पुष्कळ झालं. पट्ट्या तापत नाहीत, आयुष्य वाढतं, बिल पण थोडं कमी. तसंही ४३ इंची ७०-९० वॅटच खातो, रोज सहा तास लावला तरी महिन्याला पंधराएक युनिट.

पॅनल स्वतः जातं ते जास्त करून आपल्या हाताने. कोलिनचा फवारा थेट स्क्रीनवर मारला की थेंब घरंगळत स्क्रीनच्या खालच्या चौकटीत जातो, तिथे काचेच्या कडेला केसासारख्या बारीक फिल्म चिकटवलेल्या असतात ज्या पॅनलला सिग्नल देतात, त्या पाण्याने गंजतात. मग उभ्या रेषा, नाहीतर अर्धी स्क्रीन गायब. दिवाळीच्या साफसफाईनंतर आमच्याकडे असे टीव्ही रांगेने येतात. आणि कंपनीचा माणूस उघडून बघतो, पाण्याचा डाग दिसला की वॉरंटी नाकारतो, नियमाने त्याचं बरोबरच असतं. कोरडं मऊ फडकं, फारच असलं तर फडकं किंचित ओलं करून, टीव्ही बंद असताना. मोठ्या टीव्हीचं पॅनल बदलायला नव्या टीव्हीच्या जवळपास पैसे लागतात, त्यामुळे त्या अनोळखी ५५ चं पॅनल गेलं आणि कंपनीचा पत्ताच नाही, तर २४ हजारांची ती काच गॅलरीत उभी राहणार.

म्हणून घ्यायच्या आधी कस्टमर केअरला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि विचारा की माणूस कुठून येतो, कल्याणहून का ठाण्याहून का 'आमचे पार्टनर बघतील'. तिसरं उत्तर आलं तर सोडून द्या. तुमच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यालाही विचारा कुठल्या कंपनीचे बोर्ड मिळतात. सॅमसंग, एलजी, सोनी यांचे पार्ट मिळतात, पण २२ हजारात त्यांचा ४३ बसेलच असं नाही, सणासुदीच्या ऑफरमध्ये खालचा मॉडेल कधीकधी बसतो. टीसीएल, हायसेन्स, शाओमी, व्हीयू, एसर हे तुमच्या बजेटमध्ये सहज येतात, त्यातून ज्याची सर्व्हिस जवळ तो. वर्षभराची वॉरंटी असेल तर दोन वर्षं वाढवून मिळते का बघा, कंपनीचीच, दुकानाची किंवा तिसऱ्याच कुणाची नको.

भाऊजींच्या क्यूएलईडीबद्दल. क्यूएलईडी म्हणजे हाच एलसीडी, आत रंग चांगले करणारी एक फिल्म जास्त. खरी फिल्म असेल तर रंग थोडे खुलतात, वाईट काही नाही, सारख्याच पैशात मिळाला तर घ्या. पण त्यासाठी चार हजार जास्त देऊ नका. डब्यावरचं एचडीआर (चित्रातला उजेड-अंधाराचा फरक जास्त दाखवणारं तंत्र), डॉल्बी व्हिजन वगैरे या बजेटमध्ये कागदावर असतं, कारण एचडीआर दिसायला जो उजेड लागतो तो या टीव्हीत नसतोच. '१२० मोशन' असं काही लिहिलं असेल तर ते सॉफ्टवेअर, पॅनल ६० हर्ट्झचंच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं.

एक गोष्ट मात्र नक्की बघा, रॅम २ जीबी आणि स्टोरेज १६ जीबी. १ जीबी आणि ८ जीबीवाले पहिले सहा महिने पळतात, मग अपडेट येत जातात आणि ऐन शेवटच्या ओव्हरला जिओहॉटस्टार बंद पडून होम स्क्रीन येते. वायफाय ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही) हवा, तुमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात राउटर, २.४ वर सगळ्यांची गर्दी. आणि गूगल टीव्ही, फायर टीव्ही, टायझन, वेबओएस यातली कुठली तरी सिस्टीम असू दे, नुसतं 'स्मार्ट अँड्रॉइड' लिहिलेल्या बिन-परवान्याच्या टीव्हीत नेटफ्लिक्स नीट चालत नाही. मिस्टरांना हेही सांगून ठेवा की नेटफ्लिक्सचा सगळ्यात स्वस्त मोबाईल प्लान टीव्हीवर चालतच नाही, आणि ४के फक्त सगळ्यात महागात आहे.

मुलीच्या अभ्यासाचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलाय, पण माझ्या मते वन बीएचकेत तोच पहिला. टीव्हीला ब्लूटूथ हवंच. रात्री मिस्टरांनी हेडफोन लावून मॅच बघायची, आवाजाचं भांडण संपलं. सासूबाईंना हेडफोन सांगू नका, त्यांच्यासाठी साउंड सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं काहीतरी असतं ते लावा, संवाद पुढे येतात आणि आवाज चार पॉइंट कमी चालतो. साउंडबार आत्ता नको.

टेबल जर टीव्हीच्या कडेला असेल आणि स्वयंपाकघराच्या दारातूनही कुणी बघत असेल तर पॅनलचा प्रकार बघावा लागतो. आयपीएस पॅनल बाजूने बघितलं तरी रंग तसेच राहतात पण अंधारात काळा रंग राखाडी दिसतो, व्हीए मध्ये काळा छान पण बाजूने रंग फिके. तुमच्याकडे बघणारे इकडेतिकडे पसरलेले आणि लाइट चालू, म्हणून आयपीएस बरा. पण डब्यावर हे लिहिलेलं नसतं, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या लॉटला वेगळं पॅनल येतं. त्यामुळे दुकानात जाऊन टीव्हीच्या अगदी बाजूला उभं राहून बघायचं, दुसरा मार्ग नाही. तिथे त्यांचा तो पोपटांचा आणि फुलांचा व्हिडिओ बंद करायला सांगा, साधं केबल चॅनेल लावा, पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' करा. तोंड वाकडं करतील, करू दे.

जुना शोकेस असेल तर टेप घेऊन बसा. ४३ ची रुंदी ९६ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तीन फुटाच्या खणात बसत नाही, आणि पाय दोन टोकांना असतात त्यामुळे छोट्या टेबलावरही उभा राहत नाही. भिंतीवर लावणार असाल तर उंच लावू नका. लोकांना फोटोफ्रेमसारखा दरवाजाच्या चौकटीला समांतर हवा असतो आणि मग मान दुखते. दिवाणावर बसल्यावर डोळे जिथे येतात तिथे स्क्रीनचा मध्य किंवा जरासा वर, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फूट. गॅलरीचा दरवाजा टीव्हीच्या बरोबर समोर नको, दिवसा आपलंच तोंड दिसतं. ब्रॅकेट अगदी भिंतीला चिकटणारं घेऊ नका, मागे हात जायला हवा, आणि फट राहिली तर पाली बसतात म्हणून लोक चिकटवून घेतात, पण पाल चिकटवलेल्या टीव्हीमागेही जाते. स्टॅबिलायझरची गरज नाही, मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं तेवढं टीव्ही खातो. पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की मात्र प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढा, नुसता प्लग काढून उपयोग नाही, बरेच बोर्ड केबलच्या वायरीतून जळतात.

सेल रविवारी संपतोय याचं टेन्शन घेऊ नका, पुढच्या सणाला परत येतो. ऑनलाइन घेतलात तर ओपन बॉक्स डिलिव्हरी घ्या, ओटीपी द्यायच्या आधी स्क्रीन चालू करून बघा, बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा, आणि डिलिव्हरीनंतर आठ दिवस गावाला जाऊ नका कारण बदलून द्यायची मुदत तेवढीच असते. बिलावर सिरियल नंबर आलाच पाहिजे. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतो, रोख असेल तर रोख घ्या.

आधी तेवढी टॉर्चची टेस्ट करा, जुना ३२ जिवंत निघाला तर तो पट्ट्या बदलून बेडरूममध्ये सासूबाईंना द्या, एसडी चॅनेल त्यावरच चांगली दिसतील. आणि टीव्हीची भिंत विटांची आहे का सिपोरेक्सची (हलक्या सिमेंट ब्लॉकची) तेवढं ठोकून बघून कळवा, सिपोरेक्सला स्क्रूचे साधे प्लास्टिकचे गट्टू धरत नाहीत, कुठले घ्यायचे ते सांगतो.